मोख्याला कॉफी पिकत नाही

आमच्या बेळगावात एक वेंगुर्ला रोड आहे. रोज हजारो माणसं त्यावरून जातात, पण त्यातलं वेंगुर्ल्याला जाणारं एखादंच. कुणी हिंडलग्याला उतरतं, कुणी मंगळवार-शुक्रवार बघून उचगावच्या मळेकरणी देवीला निघालेलं असतं, कुणाची शिनोळीच्या कारखान्यात पाळी असते. शिनोळीला तर राज्यच बदलतं. बाचीपर्यंत कर्नाटक आणि पुढं महाराष्ट्र. रस्ता मात्र आपला सरळ चंदगडाकडं, आंबोलीकडं आणि तिथून घाट उतरून समुद्राकडं जातो. बेळगावातल्या पोराला विचारा, वेंगुर्ला रोडला वेंगुर्ला रोड का म्हणतात? ते म्हणेल, पाटी तशी लावलीय म्हणून.

माझ्या आजोबांची रविवार पेठेत अडत होती. गूळ, बटाटा, मिरची. त्यांचे आजोबा म्हणे गाड्या घेऊन आंबोली घाटानं वेंगुर्ल्याला जात. खाली जाताना गूळ, तूप, कापूस आणि वर येताना मीठ, नारळ, सुकी मासळी. शिवाय कॅम्पातल्या गोऱ्या पलटणीचं विलायती सामान. आठ-दहा गाड्यांचा तांडा, मुक्कामाची ठिकाणं ठरलेली, आणि घाटात वाघाची भीती. वाघाचा भाग दर वेळी जरा वाढत जाई, त्यामुळं बाकीच्याही गोष्टीत थोडी भर असेलच. पण वेंगुर्लं हे बेळगावचं बंदर होतं हे खरं. १८८०च्या दशकात रेल्वे आली, कॅसलरॉकवरून मार्मागोव्याची वाट उघडली, आणि गाड्यांचे तांडे थांबले. वेंगुर्ल्यात गलबतं येतच राहिली असतील, पण आमच्याकडं त्या बंदराचं नाव तेवढं रस्त्याला चिकटून राहिलं.

मला जुन्या बंदरांचा नाद लागला तो मात्र वेंगुर्ल्यामुळं लागला नाही. तो लागला एका पितळी फिल्टरमुळं.

आमच्या घरात कॉफी म्हणजे एकादशी-चतुर्थीचं पेय. उपासाला चहा चालत नाही आणि कॉफी चालते, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय ते विचारायचं नाही. दुधात साखर, चमचाभर पूड, वर जायफळ किसून, एक उकळी. ती पूड एका चपट्या डब्यात असे आणि डबा देवघराच्या फळीवर, उदबत्त्यांच्या शेजारी. त्यामुळं माझ्या लहानपणीच्या कॉफीला उदबत्तीचाही थोडा वास आहे. एरवी आजारी माणसाला किंवा पुण्याकडच्या पाहुण्याला. बाकी सगळा कारभार चहावर.

१९७०च्या दशकात आमच्या शहापूरच्या घरात माडीवर भाडेकरू आले. साहेब सरकारी खात्यात, गाव चिक्कमगळूरकडचं. आजोबांनी जागा दिली खरी, पण नाराजीनं. ते दर १ नोव्हेंबरला काळा दिन पाळायचे. दुकान बंद, दंडाला काळी फीत, संध्याकाळपर्यंत तोंडात पाण्याशिवाय काही नाही. १९५६ साली बेळगाव मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्यात घातलं, ती गोष्ट त्यांच्यालेखी अजून झालेली नव्हती, चालूच होती. आणि त्यांच्याच माडीवर म्हैसूरकडचा साहेब! पण भाडं वेळेवर येई, आणि साहेबांच्या बायकोचा, आम्ही तिला अक्का म्हणायचो, स्वभाव असा की नाराजी टिकवायला कष्ट पडावेत.

अक्काला मराठी यायचं नाही. आईला कन्नड यायचं, पण ते बाजारातलं, आमच्या इकडचं. आम्ही ‘बर्री, कुंदर्री’ म्हणणारे. अक्काचं ‘बन्नि, कूतुकोळ्ळि’. दोघींचं कन्नड एकमेकींना अर्धंच कळे. तरी दुपारी तीन वाजता आई ‘नुसतं बघून येते’ म्हणून माडीवर जाई आणि चार वाजता खाली येई तेव्हा तिच्या पदराला भाजलेल्या कॉफीचा वास असे.

अक्काच्या माहेरून दर महिन्याला बसनं एक पिशवी यायची. आत हिरवट-करडे दाणे, एका बाजूनं सपाट, सपाट बाजूवर मधोमध चीर. ती ते लोखंडी कढईत भाजायची. आधी गवतासारखा वास, मग भिजलेल्या भाकरीसारखा, मग एकदम दाणे तडतडू लागत आणि धुरात एक कडू-गोड काहीतरी उठे. तिथंच ती कढई उतरवायची. अर्धं मिनिट उशीर झाला तर कपाळाला हात लावायची. मग भिंतीला ठोकलेलं हातयंत्र, मग दोन मजली पितळी फिल्टर. वरच्या मजल्यात पूड आणि उकळतं पाणी, खालच्यात थेंब थेंब गळलेलं काळं पाणी. तिला ती डिकॉक्शन म्हणायची. फिल्टर भरला की तिला तासभर काही घाई नसे. ह्या तासातच मला सात बियांची गोष्ट मिळाली.

बाबा बुडन नावाचे एक सूफी फकीर मक्केच्या यात्रेला गेले. परत येताना अरबस्तानातल्या मोख्याहून त्यांनी कॉफीच्या सात बिया कमरेला बांधून आणल्या. तिथला माल रुजू नये म्हणून तिथले लोक बिया उकडून किंवा भाजूनच बाहेर देत. सुकी जिवंत बी बाहेर काढणं हा गुन्हा. फकिराच्या कमरेला कोण हात लावणार? त्या सात बिया त्यांनी चिक्कमगळूरच्या डोंगरावर रुजवल्या, आणि डोंगराला त्यांचंच नाव पडलं. साल १६७० सांगतात. गोष्ट आहे ती, पुराव्याच्या कागदाला लागणारी नव्हे. सातच का, आठ का नाहीत, असं मी विचारलं तेव्हा अक्का म्हणाली, साताला त्यांच्यात मान आहे. त्याच डोंगरावर एका गुहेत दत्ताचंही स्थान आहे, हे ऐकल्यावर आईनं बसल्या जागी हात जोडले. ती गुहा दत्ताची की सूफी संत दादा हयात कलंदरांची, की दोघांचीही, यावरून पुढं कोर्टकज्जे झाले. हद्दीची भांडणं फक्त आमच्याच वाट्याला आलीत असं नाही.

मी खाली येऊन आजोबांना मोख्याची गोष्ट सांगितली. फकीर, सात बिया, कमर, सगळं. ते रोजकीर्द लिहीत होते. मान वर न करता त्यांनी एकच विचारलं,

“मोख्यात अडत कुणाची रे?”

मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या नकाशात बघितलं तर तांबड्या समुद्राच्या तोंडाशी, बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीच्या जरा वर, यमनच्या किनाऱ्यावर एक टिंब. अडत कुणाची ते नकाशात नसतं. मिळेल तिथं वाचत, खालच्या तळटिपा हुडकत, ते कळायला मला वीसेक वर्षं लागली. तोवर आजोबा गेले होते.

पहिली गोष्ट कळली ती ही की मोख्याला कॉफी पिकत नाही. कधीच पिकली नाही. तिथं खरं म्हणजे काहीच पिकत नाही. तापलेली वाळू, खजुराची चार झाडं, विहिरींना मचूळ पाणी. गोडं पाणी जनावरांच्या पाठीवरून आत आणावं लागे. कॉफी व्हायची मागं, यमनच्या डोंगरांत, हजार-दीड हजार मीटर उंचीवर पायऱ्यापायऱ्यांची शेतं काढून. फळं घरांच्या धाब्यांवर वाळवायची, उंट-गाढवांवर लादून खाली बैत अल-फकीह नावाच्या बाजारगावात आणायची. खरा सौदा तिथं व्हायचा. ‘बैत अल-फकीह’ म्हणजे फकिहाचं, धर्मशास्त्र्याचं घर. तिथून काही माल लुहय्या आणि होदेदा या बंदरांतून जिद्दामार्गे कैरोला, म्हणजे तुर्कांच्या पेल्यात. आणि काही मोख्याला, तिथून हिंदी महासागरात आणि युरोपी कंपन्यांच्या जहाजांत. म्हणजे सगळी कॉफी मोख्यातून जात होती असंही नाही. तरी लंडन-ॲमस्टरडॅमच्या बाजारात कॉफीचं नाव पडलं मोखा. कारण गोऱ्यांनी जहाजाचा नांगर टाकला तो तिथं आणि वजन करून घेतलं ते तिथं.

हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण आजोबांचा जन्मभराचा सल नेमका हाच होता. चिकोडी-हुक्केरीकडचा गूळ. ऊस आमच्याकडचा, गुऱ्हाळ आमच्याकडचं, चुलवाणापुढं घामाघूम होणारा गुळव्या आमच्याकडचा. ढेपा कोल्हापूरच्या पेठेत उतरल्या, तिथल्या काट्यावर चढल्या की झाला कोल्हापुरी गूळ! “काटा ज्याचा त्याचं नाव, रानात कोण बघायला येतंय?” असं म्हणून ते पानाचा डबा आपटायचे. ब्याडगी मिरचीचं काय वेगळं आहे? हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीला बाजार मोठा, म्हणून धारवाड-गदगपासून आंध्रापर्यंतची मिरची तिथं येते आणि ब्याडगी होऊन बाहेर पडते. बेळगावच्या घरात चटणी कुटताना बायका मिरची हातात घेऊन सुरकुत्या बघतात, रंग बघतात, ‘ब्याडगीच न्हवं?’ विचारतात. कुठल्या रानातली, हे कुणी विचारत नाही.

आता अडत कुणाची. तर ती आपल्या इकडचीच होती म्हणायला हरकत नाही. मोख्यात दलालीचं, सराफीचं, पारखीचं काम गुजराती वाण्यांकडं होतं. सुरतेचे, दीवचे, हिंदू आणि जैन. बायकामुलं देशी ठेवून हे लोक तिथं वर्षानुवर्षं राहात आणि म्हातारपणी परत येत. डच असो, इंग्रज असो, की फ्रेंच, वाण्याशिवाय त्यांचं पान हलत नसे. कुणाचा माल ओला, कुणाचा शेतकरी उचलीत अडकलाय, कुठल्या नाण्यात चांदी किती, हे वाण्याला ठाऊक. आजोबांच्या दुकानात मी उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरताना बघितलेत. वरून दोघं हवापाण्याच्या गप्पा मारताहेत आणि आत कापडाखाली बोटं बोलताहेत. चार बोटं दाबली की इतके, तळव्याला टोचलं की आणखी पाव. तोंडानं आकडा काढायचा नाही. तावेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात हिंदुस्थानात आला, त्यानं आपल्याकडच्या हिऱ्याच्या व्यापाऱ्यांची हीच रीत नवल वाटून लिहून ठेवली आहे. वाण्यांनी ती मोख्याला नेली नसेल तर मला आश्चर्य वाटेल.

आणखी एक गोष्ट आजोबांना आवडली असती. मोख्यातले बडे व्यापारी धंदा करत तो घरातूनच. खाली वखार, वर बिऱ्हाड, समोरच्या खोलीत गादी, तिथंच पाहुणचार आणि तिथंच सौदा. आमच्या पेठेसारखंच की! समुद्राच्या बाजूनं बघितलं तर ही पांढऱ्या चुन्याची उंच घरं रांगेनं उभी, खाडीच्या दोन टोकांना दोन किल्ले, आणि जहाजावरच्या माणसाला वाटे, काय नगर आहे! उतरून तटाबाहेर गेलं की काडाच्या झोपड्या. हमाल, सोमाली, ज्यू कारागीर यांच्या वस्त्या तिथं.

आणि हे सगळं वर्षातले काही महिनेच. सुरतेची जहाजं हिवाळ्याच्या शेवटी वारा पाठीशी घेऊन निघत, पावसाळी वारा पालटला की ऑगस्टच्या सुमाराला परत फिरत. नेताना कापड, येताना कॉफी आणि मुख्य म्हणजे चांदी. युरोपची आणि तुर्कांची चांदी कॉफीपायी यमनमध्ये येई आणि कापडापायी सुरतेला. मुघलांच्या टाकसाळींत पडलेल्या चांदीतला मोठा वाटा या वाटेनं आलेला. जहाजं गेली की मोखा झोपे. गुळाचा हंगाम संपल्यावर आमची पेठ झोपायची तसं. तोलार पोत्यांच्या थप्पीवर आडवे, आणि काट्याच्या रिकाम्या पारड्यात मांजर.

आता थोडं गोऱ्यांबद्दल. थोडंच, कारण यांच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मोखा तेव्हा तुर्कांच्या ताब्यात. १५३८ पासून यमन त्यांच्याकडं, ते १६३०च्या दशकात कासिमी इमामांनी त्यांना पुरतं हाकलेपर्यंत. पहिलं इंग्रज जहाज १६०९ साली आलं. पुढच्याच वर्षी सर हेन्री मिडल्टन आला, त्याला तुर्की अधिकाऱ्यानं आधी पाहुणचार करून मग कैद केलं, सनापर्यंत डोंगर चढवून नेलं आणि परत मोख्यात आणून ठेवलं. तिथून १६११ साली हा गृहस्थ रिकाम्या पिंपात बसून निसटला! पिंप किनाऱ्यावर, किनाऱ्यावरून होडीत, होडीतून जहाजावर. मराठी माणसाला इथं आग्र्याचे पेटारे आठवले नाहीत तरच नवल. तेवढं साम्य पुरे. मिडल्टननं नंतर तांबड्या समुद्रात जे केलं ते सरळ लुटारूपण होतं, आणि हिंदुस्थानची व्यापारी जहाजंही त्याच्या तावडीतून सुटली नाहीत.

डच त्याच्या मागोमाग आले. आणि इथं माझी दोन बंदरं एकमेकांना भेटतात. डचांनी १६३७ साली वेंगुर्ल्याला वखार घातली. तिच्या पडक्या भिंती अजून आहेत. वडा-पिंपळाच्या मुळ्यांनी दगड असे आवळून धरलेत की पाडायचं म्हटलं तरी झाडाला विचारावं लागेल. म्हणजे मोख्याला ज्या कंपनीचे कारकून कॉफीच्या गोणी मोजत होते, त्याच कंपनीचे कारकून आमच्या घाटाखाली बसले होते. शिवाय राजापूर होतंच. १६६०च्या दशकातल्या इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रांत नोंद आहे की शिवाजी महाराज आपल्या बंदरांतून दर वर्षी दोन-तीन जहाजं इराण, बसरा, मोखा इकडं व्यापाराला धाडतात. शाळेत आम्हाला आरमार शिकवलं ते तोफांचं. मोख्याला माल नेणारी महाराजांची जहाजं मला फार उशिरा भेटली. ती परत येताना काय घेऊन येत असतील? जुन्या मराठीत कॉफीच्या दाण्याला ‘बुंद’ म्हणत. तो अरबी ‘बुन्न’च. चव येण्याआधी शब्द येत नाही, असं माझं आपलं मत.

मोखा गावाच्या जन्माची जी दंतकथा आहे तिच्यातही हिंदुस्थानचं एक जहाज आहे. अली इब्न उमर अश-शाधिली हा पंधराव्या शतकातला सूफी साधू किनाऱ्यावर एकटाच झोपडी बांधून राहायचा. जिद्दाला निघालेलं एक हिंदुस्थानी जहाज तिथं नांगरून पडलं. उतारूंनी झोपडी बघितली, साधूनं त्यांना एक काळं कडू पेय पाजलं. जहाजाचा आजारी कप्तान त्यानं बरा झाला. माल इथंच उतरवा, साधू म्हणाला, इथं गाव होईल. झालं. मोख्यात आज जे मोजकं उभं आहे त्यात या शाधिलीची पांढरी मशीद आहे.

मोख्याचं वैभव कधी गेलं, याला एक तारीख नाही. फकिरानं कमरेला बी बांधली तेव्हाच फास पडला होता म्हणा. डचांनी मलबार किनाऱ्यावरून कॉफीची रोपं जावाला नेली, पहिली १६९६ मध्ये. ती पुरात गेली. म्हणून १६९९ मध्ये पुन्हा नेली. १७११ साली जावाची कॉफी ॲमस्टरडॅमला विक्रीला आली आणि १७२०च्या दशकात तिनं तिथं मोख्याच्या मालाला मागं टाकलं. फ्रेंचांनी १७१५ मध्ये मोख्याहून रोपं उचलून बूरबाँ बेटावर, म्हणजे आजच्या रेयुनियाँवर, लावली. पुढं हे झाड वेस्ट इंडिज, ब्राझीललाही पोचलं. म्हणजे यमनचं बी मलबारातून जावाला गेलं. वाटेत आमचा सह्याद्री होता, हे अक्काला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग? मी काय सांगत होते?

१७३७ मध्ये उधारीच्या भांडणावरून फ्रेंचांनी गावावर तोफा डागल्या. १८२० मध्ये पुन्हा तोफा. या वेळी मुंबई सरकारच्या आरमाराच्या. हे मुंबई सरकार म्हणजे कोण, ते बेळगावकराला सांगायला नको. १८१८ च्या एप्रिलात मन्रोनं आमचा किल्ला घेतला तो कंपनी सरकारसाठीच, आणि आम्ही मुंबई इलाख्यात गेलो. १९ जानेवारी १८३९ ला याच मुंबईच्या कप्तान हेन्सनं एडन घेतलं. तेही मुंबई इलाख्यात! १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबईतून चाले. बेळगावच्या कलेक्टराचे कागद आणि एडनच्या रेसिडेंटाचे कागद एकाच सेक्रेटरिएटाच्या टेबलावर पडत. आजोबा जन्मले तेव्हा मोख्यापासून दोन दिवसांच्या वाटेवरचं एडन आणि रविवार पेठ एकाच सरकारात होती, आणि म्हैसूर परकं संस्थान. अक्काच्या माहेरापेक्षा, कागदोपत्री, आम्हाला अरबस्तान जवळ. हे मी आजोबांना सांगू शकलो नाही, याची रुखरुख आहे. ते तेवढ्यावरूनही सीमाप्रश्नाचा एखादा मुद्दा काढते.

एडनला खोल बंदर, कोळशाचं ठाणं, १८५० पासून जकात माफ. वरच्या अंगाला होदेदा तुर्कांनी पुन्हा हाती घेतलं. कॉफी या दोन वाटांनी जाऊ लागली. मोख्याचे वाणी गाशा गुंडाळून एडनला गेले. घरांचे चुन्याचे पोपडे पडले, मग माड्या पडल्या, मग खाऱ्या वाऱ्यानं विटा खाल्ल्या. मासेमारांच्या होड्या राहिल्या. गेल्या दहा वर्षांत मोख्याचं नाव बातमीत येतं ते लढाईच्या. आणि टिळकवाडीतल्या कॅफेत माझी भाची ‘मोका’ मागवते तेव्हा कॉफीत चॉकलेट घालून देतात. एकदा तिला हे सगळं सांगायला घेतलं होतं. ती म्हणाली, “मामा, गार होतंय.”

दोन वर्षांमागं चिक्कमगळूरला जाऊन आलो. अक्का आता नाही. तिच्या भाच्यानं मळ्यात नेलं. सिल्व्हर ओकच्या उंच खोडांवर मिरीचे वेल, त्यांच्या सावलीत कमरेएवढी-डोक्याएवढी झुडपं, आणि फांद्यांना लगडून लाल फळं. एक तोडून चोखलं. पातळ गर, करवंदाच्या मानानं फिका, पण गोड. आत बुळबुळीत दोन दाणे, पाठीला पाठ नाही, पोटाला पोट लावून बसलेले. म्हणून ती सपाट बाजू! लहानपणी अक्काच्या पिशवीतला दाणा हातात घेऊन मला वाटायचं, कुणीतरी मधोमध चिरलाय.

खळ्यावर अख्खी फळं वाळत घातली होती, काळी, मनुकांसारखी. यमनमध्ये व्यापारी बी परदेशी विकत आणि घरी पीत ते सालीचं पाणी, आलं घालून उकळलेलं. त्याला किश्र म्हणतात. आजही तिकडं पितात. हे वाचल्यापासून डोक्यात होतं. भाच्याला म्हटलं, किलोभर सुकी फळं दे. तो म्हणाला, घ्या की, पण दाणे घ्या, सालीचं आम्ही खत करतो. मी फळंच घेतली.

घरी आल्यावर खलबत्त्यात हलक्या हातानं ठेचली. सालं एकीकडं, दाणे एकीकडं. सुपात पाखडली. आई पंच्याऐंशी पार केलेली, खुर्चीत बसून बघत होती. सुपाचा आवाज ऐकून तिला बरं वाटलं असावं, कारण ‘असं नव्हं, मनगटातनं’ म्हणून तिनं दोनदा सूचना केली. मूठभर सालं, आल्याचा तुकडा, पाणी, दहा मिनिटं उकळी. रंग फिका, पिवळट-तांबूस. वास कॉफीचा नाहीच. सुक्या गवताचा, थोडा चिंचेचा, थोडा मनुकांचा. गाळून पितळी पेल्यात दिलं. तो पेला अक्कानं जाताना आईला दिलेला.

आईनं एक घोट घेतला. तोंडात फिरवला. मी म्हटलं, “मोख्याचे लोक हेच पितात. बी जगाला विकतात आणि साल स्वतःला ठेवतात.”

“आमचा काय गूळ निराळा हुता?” ती म्हणाली. “चांगल्या ढेपा कोल्हापूरला, आन् घरात काकवी.”

मग अजून एक घोट घेऊन तिनं पेला खिडकीकडं धरून रंग बघितला आणि विचारलं, “हे उपासाला चालतंय काय रे?”